दिना द्यायचा की ठेवायचा

जने,

मोठ्याने बोललो की सूनबाई आतून धावत येते. "नाना, कोणाशी बोलताय?" मी बोललो, तुझ्या सासूशी भांडतोय. तिने लगेच सुरेशला फोन लावला. सुरेश हापिसातून मला विचारतो, "नाना, डॉक्टरकडे जाऊन यायचं का?" म्हणून आता लिहायला बसलोय. गप बसून लिहिणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. चौथी सोडल्यावर सहीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. तुला तर सहीसुद्धा येत नव्हती.

पेपरात तुझा फोटो आला. खाली छापलं होतं, प्रेमळ, मनमिळाऊ, शांत स्वभावाच्या. शांत! मी सुरेशला बोललो, अरे, दुसऱ्या कुणाच्या आयशीची जाहिरात आपल्या नावावर लागली का बघ. पनवेलच्या मासळी बाजारात तू आवाज लावलास की पलीकडच्या भाजीवाल्याचं गिऱ्हाईक दचकून वळायचं. पापलेट दाबून दाबून बघून न घेता जाणाऱ्या बायांना तू काय काय ऐकवायचीस ते इथे लिहीत नाही, नातवंडं वाचतील. शांत म्हणे. मेलेल्या माणसांना सगळे एकाच डब्यातला रंग मारतात, तसा तुलाही मारला. ती फोटोतली बाई मला नको. मला माझी भांडणारी पाहिजे, कारण आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय आणि त्याचा निकाल भलत्यांनीच लावून टाकलाय.

दिनाचं भांडण. तू सगळं जाणतेस, तरी पहिल्यापासून लिहितो. म्हणजे कोण कुठे चुकलं ते समोर राहील.

दिना म्हणजे मागच्या आळीतल्या बाळा तांडेलाचा पोरगा. आपल्या कबड्डी संघाचा चढाईचा गडी. गव्हाणच्या रस्त्याला एवढीशी आपली वस्ती, पण दिना चढाईला निघाला की उरणपासून कामोठ्यापर्यंतची माणसं बघायला यायची. देवीच्या जत्रेतला तो सामना मी मरेपर्यंत विसरणार नाही. आपले सगळे बाद झालेले, एकटा दिना मैदानात, आणि पलीकडे पाच जण हात पसरून उभे. गेला, दोघांना शिवला, तिघे अंगावर घेऊन ओढत ओढत मधल्या रेषेपर्यंत आला आणि बोट लावलं. पंचाने त्यालाच बाद दिला. बायका देवळाच्या भिंतीला बसल्या होत्या, तू मात्र पुरुषांच्या पुढे, मासळीची पाटी उलटी घालून तिच्यावर. उठलीस ती थेट मैदानात. "काय रे, डोलं घरी ठेवून आलास काय?" पंचाने निकाल काही बदलला नाही. पण पुढच्या जत्रेला आला तेव्हा देवळात जायच्या आधी विचारत होता, ती बाई आलीय का.

तेव्हा मातीत खेळायचे. मग जमिनी गेल्या, हातात पैसा आला, मातीवर मॅट आली. कालपर्यंत ज्याला आपण बबन्या म्हणायचो त्याने डंपर घेतले, त्याचा बबनशेठ झाला, आणि बबनशेठने गावाचा संघ अंगावर घेतला. कपडे दिले, बूट दिले, खेळाडूंना मानधन लावलं. सगळ्यात जास्त दिनाचं. पहिल्या वर्षी बबनशेठ ते छाती फुगवून सांगायचा. मग दिनाचा गुडघा कुरकुरायला लागला. एक चढाई केली की दुसरीला बसायचा, पट्टा घट्ट करायचा, तोंड वाकडं करायचा. मग तोच बबनशेठ नाक्यानाक्यावर सांगत फिरायला लागला की एकट्या दिनाच्या पैशात निम्मा संघ पोसला जातो.

आणि मग कामोठ्याच्या संघाचा निरोप आला. दिना आमाला द्या, आमचे दोन पोरगे घ्या. दोन्ही ताजे, विशीतले, गुडघे नवे कोरे.

मी ती बातमी घेऊन घरी आलो तेव्हा तू ओट्यावर कोलंबी सोलत होतीस. मला वाटलं तू उसळशील. लहानपणी निम्मं जेवण आपल्याकडे जेवलेला पोरगा तो. तुझ्या हातच्या कालवणासाठी सरावातनं पळून यायचा.

"देऊन टाका," तू बोललीस. मान वर पण केली नाहीस.

"काय देऊन टाका? पोरगा हाय का पाटी?"

"पाटी असती तर ठेवली असती. पाटीला गुडघा नसतो."

"जने, त्याने कप आणलेत गावाला."

"कप कपाटान हायत. ते कोण मागतंय?"

मला राग आला तो तेव्हाच. तू मात्र सोलत राहिलीस आणि एकेक कोलंबीगणिक बोलत राहिलीस. आज कामोठंवाले मागतायत, पुढच्या वर्षाला कोण मागणार? मग तो आपल्याच मैदानात बाकावर बसणार. आज ज्यांना त्याने पाय कसा टाकायचा ते शिकवलं ती पोरं त्याला पाणी आणायला सांगतील. "पराया गावात पावना म्हणून जाईल, पावन्याला कोण हसत नाय. इकरं घरचा हाय म्हणून सगलं हसतील." आणि ते दोन ताजे पोरगे आले की आपल्या गावाची लहान पोरं त्यांच्याशी झुंजून तयार होतील, असंही बोललीस. दिना उभा आहे तोवर दुसरं झाड वाढत नाही.

मी तुला विचारलं होतं, आज दिनाला दिलं तर उद्या गावासाठी गुडघा फोडून घ्यायला कोण पुढे येईल? कुठली आई आपल्या पोराला मैदानात पाठवेल? खेळतो तोवर आमचा, लंगडला की कामोठ्याचा, असा कुठला हिशेब?  तू फक्त कोलंबीचं डोकं मोडलंस आणि सालीच्या टोपल्यात फेकलंस. मी ते जिंकल्यात धरलं होतं. तू धरलं नाहीस, कारण रात्रीच्या जेवणाला परत तिथूनच सुरू केलंस.

गावात दोन तट पडले. अर्धे बबनशेठकडे, अर्धे माझ्याकडे. आणि माझ्या घरात माझीच बायको बबनशेठकडे. बबनशेठ मला बघून हसायचा. "नाना, आदी घरचा गड सांभाला." तू त्याला पण सोडलं नाहीस हे खरं. तो दिनाच्या बैठकीसाठी मतं मागायला आला तेव्हा बोललीस, "तू पैशासाठी देतोस, मी पोरासाठी देतंय. माज्या बाजूला उभा राहू नको, तुजी सावली पडते." बिचारा चहा न पिता गेला. तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी भांडलोच नाही.

मग तुझे पाय सुजले.

रिक्षाने पनवेलला हॉस्पिटलात नेताना पण आपण दिनावरच बोलत होतो. रिक्षावाला मागे वळून बोलला, "काकी बरोबर बोलतायत, नाना." मी त्याला सांगितलं, तू पुढे बघून चालव, खड्डे दिसत नाहीत आणि कबड्डी दिसते. तू हसलीस. सुजलेल्या पायांवर हात ठेवून पोट धरून हसलीस. तसं हसणं मला नंतर बघायला मिळालं नाही.

हॉस्पिटलात तुझी मूत्रपिंडं गेली असं कळलं. मशीन लावायचं बोलले, आठवड्याला फेऱ्या, आणि त्याच्या आधी हातावर ऑपरेशन. आपण दोघं तिथेही दिनावर. ती नर्स, खारघरची पोरगी, चांगली होती. तुझ्या हाताला पट्टा बांधता बांधता तिने विचारलं, "आजी, दिना कोण, मुलगा का?"

"मुलगा नाय, रेडर हाय. त्याला कामोठ्याला द्यायचा हाय, ह्यो म्हातारा सोडत नाय."

"अहो बाबा, मग देऊन टाका ना. आजींचं बीपी वर चाललंय."

सगळा वॉर्ड तुझ्या बाजूचा झाला. समोरच्या खाटेवरची बाई, तिचा जावई, जेवणाचे डबे देणारा माणूस. कबड्डी कशाशी खातात ते माहीत नसलेली माणसं मला शहाणपण शिकवत होती. माझ्या बाजूला एकच, कोपऱ्यातला ऐकू न येणारा म्हातारा. तो प्रत्येक गोष्टीला हो बोलायचा, म्हणून मी त्याला माझ्यात मोजला.

आणि मग एका दुपारी तू बोललीस, "बस झालं. मना मशीन नको. मना घरी न्या."

सुरेश रडला. मी ओरडलो. नर्स बाहेर गेली. तू छताकडे बघत पडून राहिलीस आणि एकही मुद्दा मांडला नाहीस. तुझी ती रीतच नव्हती. तू कधी मुद्द्याशिवाय बोलली नाहीस, आणि त्या दिवशी नुसतं "घरी न्या". मी तुला दहा गोष्टी सांगितल्या. अमक्याची बायको मशीनवर किती वर्षं जगतेय, तमक्याची आई लग्नाला नाचली. तू बोललीस, "न्या." मुद्दा असता तर मी तोडला असता. मुद्दा नव्हता म्हणून मला तोडता आलं नाही. मी घरी आणली.

तिथे मी तुझं ऐकलं. म्हणून दिनाच्या बाबतीत ऐकणार नव्हतो. समजलं? घरी खाटेवर तू अर्धं अर्धं वाक्य बोलायचीस, दिनाला द्या, आणि मी पूर्ण जोराने सांगायचो, नाही देणार. सूनबाईला वाटायचं हा म्हातारा मरणाऱ्या बायकोशी काय भांडतोय. तिला काय माहीत. दिनाबद्दल बोलत होतो तोवर तुझ्याबद्दल बोलावं लागत नव्हतं. तुला ते कळत होतं का, हे विचारायचं राहिलं. कळत असणार. तुला कळलं नाही असं काही मी पन्नास वर्षांत केलेलं नाही.

शेवटी तू हात उचललास, काहीतरी नवीन सांगायचं होतं तुला. मी बोललो, आता झोप, उद्या भांडू.

बरोबर केलंस. उद्या ठेवलाच नाहीस.

त्याच्यानंतर काय झालं ते आता ऐक, आणि मला राग का येतो ते बघ. तू गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडत नाही. मी बोलतो ते सगळं बरोबर. सुरेश बोलतो, बरोबर आहे नाना. सूनबाई आमटीत मीठ कमी घालते, मी बोलतो खारट झालीय, ती बोलते हो नाना, झालीय खरी. महादू तर कहर. महादू माझा जुना जोडीदार, दोघं एकाच संघात खेळलो, आणि उभा जन्म एका गोष्टीवर भांडलो की त्या सामन्यात त्याचा पाय रेषेबाहेर पडला होता की नव्हता. त्याने कधी कबूल केलं नाही. दहाव्याला पाणवठ्यावर बसलो होतो, मला वाटलं जरा मन मोकळं करावं. बोललो, "महादू, तुजा पाय बाहेर पडलेला." तर तो खाली बघून बोलतो, "आसंल नाना. पडला आसंल."

मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं. एवढ्या वर्षांचं भांडण फुकट घालवलं गाढवाने.

आपल्या गावची चाल तुला ठाऊक आहे. ज्या घरात मयत झालं, त्या घरच्या माणसाचा बैठकीतला शब्द वर्षश्राद्धापर्यंत कोणी खाली पाडत नाही. त्या घराने एक हार खाल्लेली असते, दुसरी गावाने द्यायची नाही, असं जुनी माणसं सांगायची. तू या चालीला फार हसायचीस. महादूची आई गेली तेव्हा त्याने बैठकीत रस्त्यावरचा दिव्याचा खांब आपल्या दारात मागून घेतला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. "म्हातारी गेली आन घरान उजेड परला," तू बोललीस, तेही भर दुखवट्यात, आणि मला तोंडावर टॉवेल धरून बाहेर जावं लागलं.

तर दिनाच्या बैठकीचा दिवस आला. देवळाच्या मंडपात. कामोठेवाल्यांना जबाब द्यायचा होता. मला माहीत होतं की माझा शब्द आता कोणी तोडणार नाही. दिना राहणार. एवढे दिवस तुझ्याशी झुंजून जे मिळालं नाही ते तू मेलीस म्हणून आयतं मिळणार होतं. मी चांगला सदरा घालून गेलो. पण जाताना पायच उचलत नव्हते.

बबनशेठ उठला. मला वाटलं आता हा आपला हिशेब मांडणार, मग मी उठणार, मग होऊन जाऊ दे. तर तो हात जोडून बोलतो, "काकी गेल्या. नाना बोलतील तसं. माजं काय म्हणणं नाय."

"म्हणणं नाय कसं?" मी बोललो. "इतकं दिवस नाक्यावर काय बोंबलत होतास?"

"ते तवा. आता नाना, तुमी बोला."

मी महादूकडे बघितलं. महादू बोलला, "नाना बोलेल ते." दुसऱ्याकडे बघितलं, नाना बोलेल ते. जत्रेत मान डुलणारे मातीचे बैल विकायला ठेवतात तसे सगळे मान हलवत बसलेले. अरे, निम्मं गाव बबनशेठकडे होतं ना? कुठे गेलं? एकाने तरी बोलावं, नाना, तुमी चुकताय, दिना थकलाय. मी त्याला काय काय सांगणार होतो ते सगळं पोटात तयार. पण समोर गडीच नाही. रिकाम्या मैदानात चढाई कुणावर करायची?

तेव्हा मला वाटलं, ठीक आहे, समोरची बाजू पण मीच मांडतो. आधी तुझं सांगतो, नीट, एक शब्द न चोरता, आणि मग तुझ्याच तोंडावर ते मोडतो. तुझ्याशी शेवटचं भांडण गावासमोर. म्हणून उठलो आणि बोललो, "आता जना काय बोलायची ते ऐका."

आणि जने, तुझं मी असं मांडलं की तुला पण तसं मांडता आलं नसतं. आज मागतायत तोवर द्या. घरच्याला घरचे हसतात, पाहुण्याला कोणी हसत नाही. पोराला पोरांसमोर पाणी आणायला लावू नका. दिना उभा आहे तोवर दुसरं झाड वाढत नाही. तुझं पाटीचं पण सांगितलं, लोक हसले. पाटीला गुडघा नसतो. मग मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, आता माझी बाजू, आणि आवाजच येईना.  हॉस्पिटलातलं ते छत डोळ्यासमोर आलं की काय झालं कोण जाणे. खांबाला हात धरून उभा राहिलो. कोणीतरी पाणी आणलं.

मला पाणी प्यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात गावाने दिना देऊन टाकला.

"ठरलं," बबनशेठ बोलला. "ठरलं, ठरलं," सगळे बोलले. देवीसमोर नारळ फुटला. आपल्याकडे बैठकीचा नारळ फुटला की त्या गोष्टीला परत हात लावत नाहीत, आणि या लोकांची घाई बघ, पाणी गिळायच्या आत फोडला.

"थांबा," मी बोललो, "माजं बाकी हाय. ते माजं नवतं, तिचं होतं."

महादूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंग तर झालंच ना नाना. दुखवटा पण तिचाच हाय."

काय उत्तर देणार? सांग, काय उत्तर देणार? त्याला उभ्या जन्मात एक मुद्दा बरोबर सुचला, तो त्या दिवशी. बबनशेठ माझ्या पाया पडला. बोलला, नाना, तुमी मन मोठं केलंत. मी बोललो, बाजूला हो, तुजी सावली पडते. ते त्याला लागलं, कारण ते पण तुझंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिना आला. दारातच चप्पल भिरकावली. एवढा मोठा झाला पण रागात अजून तसाच, कान लाल.

"नाना, तुमी? सगलं गाव देलं असतं तर मना काय वाटलं नसतं. पण तुमी माज्या बाजूचं होतात."

सूनबाई पुढे झाली. "दिनादादा, दुखाचं घर आहे, हळू बोला."

"त्याला बोलू दे," मी बोललो. "जोरात बोलू दे. मोठ्यानं बोल रे."

आणि बोलला की. काय बोलला! म्हातारा झालात, डोकं फिरलंय, बबनशेठने डंपरात घालून मना विकला आन तुमी मागनं ढकलला. असं मला महिनाभरात कोणी बोललं नव्हतं. माझ्या अंगात रक्त फिरायला लागलं. मी पण आवाज चढवला. बोललो, तुझा गुडघा बघितलास का? बोललो, आज मागतायत, पुढच्या वर्षी कोण मागणार? बोललो, बाकावर बसशील आणि तुझ्याच हाताखालची पोरं तुला पाणी आणायला सांगतील. तो बोलला, सांगू देत, आणीन. मी बोललो, तुला काय वाटतं, आम्हाला ते बघवेल?

तो एकदम थांबला. "नाना, ही तुमची बोली नाय. काकीची हाय."

"मग तिच्याशी भांड."

"भांडलो ना." तो खाली ओट्यावर बसला, गुडघा सरळ करून. "हॉस्पिटलान आल्तो तवा. तुमी खाली औषधं आणायला गेलेले. मना बोलली, जा तू कामोठ्याला, नाना नको बोलंल, त्याचं ऐकू नको. मी बोललो, काकी, मरंपर्यंत इकरंच खेळंन. मना वाटलं खूश होईल. तर काय बोलली म्हायीत हाय? मरंपर्यंत खेलू नको. जगंपर्यंत खेल."

मला हे सांगितलं नव्हतंस. मला सांगायचं सोडून त्याला सांगितलंस. मी तिथे बसून इतके दिवस तुझ्याशी झुंजत होतो आणि खरा मुद्दा तू माझ्यापासून लपवून ठेवलास. त्याला मी काय जबाब दिला असता ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेल. रोज विचार करतो.

दिनाने चहा घेतला. मग दुसरा घेतला. जायचं की नाही यावर आम्ही दुपार होईपर्यंत वाद घातला, आणि मध्येच कधीतरी बाजू बदलल्या. तो बोलायला लागला की गेलेलं बरं, इथे सगळे माझ्या पायाकडे बघत बसतात, चढाईकडे कोणी बघत नाही. आणि मी बोलायला लागलो की नको जाऊ, नारळ फुटला तर फुटला, मी परत बैठक बोलावतो, सांगतो चूक झाली. सूनबाई दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. तिला वाटलं असेल दोघांनाही डॉक्टरकडे न्यावं.

तो गेला, जने. रविवारी बाईकवर बॅग बांधून कामोठ्याला गेला. आळीतली पोरं नाक्यापर्यंत त्याच्या मागे धावली. ते दोन ताजे गडी पण आले. चांगले आहेत. चपळ आहेत. एकाचा पाय तर असा पडतो की तू उठून उभी राहिली असतीस. मी सरावाला जाऊन बसलो होतो, शेजारी महादू. बोलला, "कसे हायत?" मी बोललो, "बेकार." तो बोलला, "होय नाना, बेकारच."

एक गोष्ट कबूल करतो, तेवढीच. तुझी बाजू मांडताना मला ती पटत होती. बोलता बोलता पटत होती. पन्नास वर्षं तू समोर होतीस म्हणून मी तुला कधी आतून ऐकलं नव्हतं, तोंड उघडलंस की मी पुढचा जबाब शोधायचो. त्या दिवशी जबाब शोधायला वेळ नव्हता, तुझंच बोलणं तोंडात होतं. चांगलं बोलायचीस तू. बाजारात, मैदानात, घरात. जिला पेपरवाले शांत म्हणतात त्या बाईने मला आयुष्यभर एक दिवस सुस्त बसू दिलं नाही. त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही, आता बोलून काय उपयोग.

पण पटलं म्हणजे मी हरलो असं समजू नकोस. बोलणं चांगलं असलं म्हणून ते बरोबर असतंच असं नाही. दिना इथे लंगडला असता तर लंगडला असता. हसणाऱ्या पोरांच्या कानाखाली मी वाजवली असती. बाकावर बसला असता तर त्याच्या बाजूला मी बसलो असतो. दिसला असता रोज. गुडघ्यासकट, कुरकुरीसकट, खर्चासकट. माणूस ठेवायचा म्हणजे असाच ठेवायचा असतो, चांगला चालतो तोवरच ठेवायचा असेल तर त्याला ठेवणं कशाला म्हणायचं?

मला अजून वाटतं, जाऊ द्यायला नको होतं. त्यालाही नाही, आणि तुला तर नाहीच. तू न्या न्या म्हणालीस तरी नाही.

आता बोल काय बोलायचं ते.